विलंबाचा पॅरा

न्यायाधीश हुपरीकर यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी सोमवार ते शुक्रवार, अकरा ते पाच, ते आमच्या कौटुंबिक न्यायालयात कामाला बसत. रजा नाही, आजारपण नाही, दुपारचा चहासुद्धा नाही. जिवंतपणी दर दीड तासाला चहा लागणाऱ्या माणसाचं हे रूप पाहून मला हसू यायचं.

मी दिगंबर टेकाळे, निवृत्त स्टेनो. तीन वेळा बदली होऊन साहेब आमच्या जिल्ह्यात आले आणि तिन्ही वेळा मीच त्यांच्या डाव्या हाताला वही घेऊन बसलो. मिळून अकरा वर्षं. मिनिटाला एकशेवीस शब्द माझा वेग होता, आणि मराठी असं की नवे वकील निकाल वाचून विचारायचे, हे साहेबांनी लिहिलंय की तुम्ही? मी गालातल्या गालात हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

साहेब वारल्यावर कोर्टात कसे बसत, ते सांगायला हवं. एकट्या न्यायाधीशाचा निकाल डगमगतो, असं अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं होतं. जेवणाआधी एक माणूस असतो, जेवणानंतर दुसरा. घरी भांडण झालेलं असतं, गुडघा दुखत असतो, समोरचा वकील आवडत नसतो. तिघं बसले तर एकाचा तोल गेला तरी दोघं सावरतात. पण एक न्यायाधीश मिळायची मारामार असताना तीन-तीन आणायचे कुठून? त्यावर यंत्र निघालं. निवृत्त किंवा दिवंगत न्यायाधीशाचा प्रत्येक निकाल, त्यातला पुरावा, जबाब, सगळं यंत्राला वाचायला द्यायचं. या माणसानं कोणत्या गोष्टीला किती वजन दिलं, हे यंत्र निकालागणिक मोजत जातं. मुलाचं वय, शाळा, आईची नोकरी, बापाचं पिणं, प्रत्येकाचं वजन. हजारो निकाल वाचून झाले की त्या माणसाचा तराजू तयार होतो. मग नवं प्रकरण त्यात टाकायचं. याला नाव दिलं स्मृतिन्यायाधीश. मध्ये एक जिवंत न्यायाधीश आणि दोन्ही बाजूंना असे दोन, की झालं तिघांचं पीठ. बहुमत होईल तो निकाल.

सक्ती मात्र नव्हती. अर्ज दाखल करताना अर्जदाराला फॉर्मवर खूण करावी लागे: एकल की पीठ. एकदा खूण केली की त्या अर्जापुरता बदल नाही.

तो फॉर्म माझी मुलगी वैभवी हिच्यासमोर आमच्या जेवणाच्या टेबलावर पडला होता.

"मला एकल हवंय बाबा," ती म्हणाली. "शिकलगार मॅडमसमोर बोलता येईल मला. त्या निदान माझ्याकडे बघतील."

"अगं, मॅडम नव्या आहेत. चांगल्या असतील, नाही म्हणत नाही. पण पीठात साहेब आहेत, वैभू. हुपरीकर साहेब! तुझ्या बारशाला चांदीचा वाळा घेऊन आलेला माणूस."

"ते यंत्र आहे."

"यंत्र असेल. अक्कल साहेबांची आहे. त्यांचं मन मला माहीत आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी पोहायला शिकवताना, सोडू का म्हटल्यावर पाहायची तसंच. मग तिनं पीठ या शब्दापुढच्या चौकोनात खूण केली.

प्रकरण तिच्या मुलीच्या ताब्याचं होतं. मनवा तेव्हा सहा वर्षांची व्हायची होती. वैभवी आणि ऋषिकेश यांचं चार वर्षं धुसफुसत चाललेलं. एके दिवशी मनवा शाळेत असताना सासूनं वैभवीची बॅग दारात आणून ठेवली आणि ऋषिकेश आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. जावई मारकुटा नव्हता, व्यसनी नव्हता, नुसता आतल्या खोलीत बसणारा होता. वैभवी माझ्या घरी आली ती तशीच. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, बाबा, कोर्टात जाऊ, मनवाला आणू.

मी म्हणालो, थांब.

सगळा जन्म कोर्टात गेलेला मी. एकदा अर्ज पडला की घर तुटतंच, हे शेकडो वेळा पाहिलेलं. म्हटलं, जरा दम धर. दिवाळीला ते लोक येतील. दिवाळीला नाही आले तर संक्रांतीला मी स्वतः जाईन तिळगूळ घेऊन. गेलोही. त्यांनी चहा दिला आणि मनवाला शेजारी पाठवून दिलं. असं करता करता अकरा महिने गेले. फोनवर मायलेकींचं बोलणं व्हायचं, तेही सासूबाईंच्या लहरीवर. वैभवी फोन ठेवून न्हाणीघरात जायची आणि नळ सोडायची. तिचं रडणं मला ऐकू येऊ नये म्हणून.

सुनावणीला जुना माणूस म्हणून मला मागच्या बाकावर बसू दिलं. मध्ये रुबिना शिकलगार मॅडम, पस्तिशीच्या, सडसडीत, सारख्या चष्मा वर सरकवणाऱ्या. उजवीकडच्या राखाडी पडद्यावर पाटी होती: भालचंद्र हुपरीकर. डावीकडच्यावर केळुसकर, हे शेजारच्या जिल्ह्यातले निवृत्त न्यायाधीश. चेहरे नव्हते. आवाजही यंत्राचाच, रेल्वेच्या घोषणेसारखा सपाट.

वैभवी चांगलं बोलली. तिची नोकरी, आमचं घर, घराजवळची शाळा. मग उजवीकडचा पडदा उजळला.

"अर्जदारांनी अकरा महिने अर्ज का केला नाही?"

वैभवीनं मान वळवली आणि मागच्या बाकावर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती सांगेल. खरं तेच सांगायचं होतं. पण वडिलांनी थांबवलं म्हटलं तर सासरचा वकील मला उभा करणार, आडवे-तिडवे प्रश्न विचारणार, कोर्टातली चाळीस वर्षांची अब्रू त्याच कोर्टात जाणार. हे सगळं तिला ठाऊक होतं.

"मला वाटलं, मिटेल," ती म्हणाली.

"बरं, पुढे," पडदा म्हणाला.

साहेब अगदी असंच म्हणायचे. साक्षीदार अडखळला की "बरं, पुढे." माझे डोळे भरून आले. म्हटलं, आता काळजी नाही, साहेबांनी समजून घेतलं.

निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. शिकलगार मॅडमनी लिहिलं होतं: अर्जदार खरं बोलत आहे असं मला वाटतं, मुलगी आईकडे द्यावी. हुपरीकर आणि केळुसकर यांनी लिहिलं होतं, मुलगी वडिलांकडे राहील. आईला महिन्यातले दोन शनिवार, कोर्टाच्या बालकक्षात, तीन ते पाच.

वैभवी निकाल हातात घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली. रडली नाही. "कारण काय दिलंय, वाचा ना बाबा," म्हणाली.

प्रत्येक स्मृतिन्यायाधीशाच्या मतामागे वजनपत्रक जोडलेलं असे, कशाला किती वजन दिलं त्याचं. साहेबांच्या पत्रकात सगळ्यात वर होतं: अर्जास विलंब. बाकी सगळं मिळूनही त्याच्या निम्म्यानं भरत नव्हतं. आणि खाली कारण होतं:

"अर्जदार आईने अपत्यास मागे ठेवून घर सोडले व दीर्घकाळ अर्ज केला नाही. ज्या मातेच्या काळजाला विरहाची धग लागली आहे, ती माता कॅलेंडरची पाने उलटत बसत नाही. सबब, विलंबाचे स्पष्टीकरण हे न्यायालय स्वीकारू शकत नाही."

मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली होती. 'कॅलेंडरची' या शब्दाशी माझा आवाज बसला.

ते वाक्य माझं होतं.

साहेबांच्या बोर्डावर रोज तीस-चाळीस प्रकरणं असत. ते ऐकून घेत, विचार करत, आणि मग मला सांगत, "टेकाळे, पोरगा बारा वर्षांचा आहे, शाळा बापाच्या घराशेजारी, आजी जीव लावते. राहू दे तिथंच. एवढं लिहा, बाकी भरा तुम्ही." आता दोन ओळींचा निकाल वरच्या कोर्टात गेला तर बरं दिसत नाही. म्हणून मी भरायचो. एका प्रकरणात आई खरंच चार वर्षं फिरकली नव्हती, तेव्हा मी हा विलंबाचा पॅरा रचला. साहेब वाचून हसले. "टेकाळे, तुम्ही नाटकं लिहायची सोडून इथं कुठं आलात?" म्हणाले आणि सही केली. मी दोन दिवस हवेत होतो. त्यानंतर जिथं ताबा वडिलांकडे गेला आणि आईकडून चार-सहा महिने का होईना उशीर झाला होता, तिथं तिथं मी तो पॅरा चिकटवला. ताबा आईला मिळाला असेल तर चिकटवायचं कारणच नव्हतं.

निकाल आधी ठरायचा, पॅरा मागून यायचा. यंत्राला हे कोण सांगणार? त्याच्यापुढे नुसते कागद. त्याला इतकंच दिसलं की जिथं जिथं विलंबाचा पॅरा, तिथं आई हरते, आणि जिथं पॅरा नाही, तिथं बहुतेक जिंकते. त्यानं मोजून मापून ठरवलं की या माणसाच्या मनात सगळ्यात जड गोष्ट हीच. शाळा, आजी, पोराचा लळा, साहेबांनी ज्यावर खरोखर विचार केला ते सगळं हलकं पडलं. माझी सजावट तेवढी साहेबांचं मन होऊन बसली.

"काय झालं बाबा?" वैभवीनं विचारलं.

"काही नाही. डोळ्यांवर ऊन आलं," मी म्हणालो.

घरी येऊन मी केळुसकरांचं पत्रक उघडलं. तिथंही विलंबच वर. तिथंही कॅलेंडरची पानं. मला कळेना. या केळुसकरांचं मी तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांचा स्टेनो नागरगोजे ओळखीचा होता, त्याला फोन लावला.

"टेकाळे भाऊ, विसरलात का?" तो मोठ्यानं हसला. "स्टेनो संघटनेच्या मेळाव्यात तुम्हीच तर आख्खा फॉरमॅट दिलता पेनड्राइव्हवर. लई चालला राव तुमचा पॅरा. आमचे साहेब तर खूश! वकिलांचीसुद्धा बोलती बंद."

मी फोन ठेवला. पीठ तिघांचं होतं. त्यातले दोघे मीच होतो.

यानंतर मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. काहीच केलं नाही. तोंड उघडलं तर साहेबांचं नाव खराब होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे माझं होईल याची भीती होती. पुनर्विचाराच्या अर्जाला नव्वद दिवसांची मुदत असते, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. नव्वद दिवस गेले. शंभर गेले.

शनिवारी मी वैभवीला बालकक्षात सोडायला जायचो. भिंतीवर हत्ती रंगवलेले, कोपऱ्यात एक चाक नसलेली ट्रायसिकल, दारात महिला शिपाई. पहिल्या शनिवारी मनवा आईला चिकटली ती सोडेना. पाच वाजता शिपाईबाईंनी तिची बोटं एकेक करून सोडवली. चौथ्या शनिवारी तिनं आल्या आल्या घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "आई, पाचपर्यंतच ना?" सातव्या शनिवारी ती चित्र काढत बसली आणि वैभवी समोर नुसती बसून राहिली. परत येताना रिक्षात वैभवी म्हणाली, "ती आता मला सगळं सांगत नाही. पाहुण्यांशी बोलतात ना, तशी बोलते."

त्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं. पॅरा, पेनड्राइव्ह, सगळं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. पोळी तव्यावर टाकून तिनं विचारलं, "असे किती निकाल होते?"

"साहेबांचे मोजले मी. दोनशे बारा."

"दोनशे बारा बायका," ती म्हणाली. "त्यातली एक तरी आठवते तुम्हाला? एखादीचं नाव?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. नावं सगळी माझ्याच बोटांखालून गेलेली होती. एकही आठवलं नाही.

"जेवून घ्या," ती म्हणाली. मला वाढून आत निघून गेली.

सोमवारी मी कोर्टात गेलो. फायलिंगच्या खिडकीवरची मुलगी मला काका म्हणते. "काका, मुदत तर कधीच संपली," ती म्हणाली. "विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागेल. हा घ्या. इथं उशिराचं कारण लिहायचं."

कारणाची रकानाभर जागा रिकामी होती. बाहेरच्या बाकावर बसून मी पेन उघडलं. माझ्याइतकं सराईत हे कुणाला लिहिता आलं असतं? प्रकृती अस्वास्थ्य, कायद्याचं अज्ञान, अपरिहार्य कौटुंबिक अडचण, शंभर वेळा टंकलेली वाक्यं बोटांत तयार होती. मी लिहिलं:

"अर्जदाराने मूळ अर्ज करण्यास अकरा महिने घेतले, कारण तिच्या वडिलांनी तिला थांबायला सांगितले. हे तिने वडिलांना वाचवण्यासाठी कोर्टात सांगितले नाही. आताचा अर्जही उशिरा येत आहे, कारण तिचे वडील घाबरले. ज्या पॅऱ्यावरून ती हरली तो त्याच वडिलांनी लिहिलेला आहे. न्यायाधीशांनी नाही."

वैभवीनं अर्ज वाचला आणि सही केली. एकल की पीठ या प्रश्नापुढे तिनं एकलवर खूण केली. मला विचारलं नाही.

गाजावाजा झाला. दोन्ही स्मृतिन्यायाधीश बंद करून तपासणीला नेले. पेपरात माझा फोटो आला. साहेबांच्या मुलाचा फोन आला आणि तो जे बोलला ते मी ऐकून घेतलं. अर्ज शिकलगार मॅडमसमोर आला तेव्हा त्यांनी विलंब दोन मिनिटांत माफ केला आणि प्रकरण पहिल्यापासून ऐकलं. मला पिंजऱ्यात उभं केलं.

"टेकाळे, इतके दिवस गप्प का राहिलात?"

"मॅडम, माझी अब्रू मोठी वाटली," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि लिहून घेतलं. मला वाटत होतं की आता मनवा येणार. वैभवीनं तिच्यासाठी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला होता.

शेवटच्या तारखेला मॅडमनी मनवाला एकटीला चेंबरमध्ये नेलं. अर्धा तास. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. निकाल सांगताना त्या आम्हा दोघांकडे बघून बोलत होत्या.

"मनवा मला म्हणाली, आई चांगली आहे, पण ती पाच वाजता संपते. तिला झोपवायला आजी असते, डबा बाबा भरतात, मैत्रिणी त्या गल्लीत आहेत. पाचनंतरही आई ठेवेल का मला, असं तिनं मला दोनदा विचारलं. पहिल्या निकालाच्या वेळी मी तिला आईकडे दिलं असतं. आज तिला तिथून उचललं तर ती दुसऱ्यांदा तुटेल. ते माझ्याच्यानं होणार नाही."

ताबा वडिलांकडेच राहिला. आईला दर शनिवार, दहा ते पाच, आईच्या घरी. उन्हाळ्याची निम्मी सुट्टी.

मॅडम एकट्या होत्या, जिवंत होत्या, समोरच्याकडे बघत होत्या आणि त्यांनी बरोबर निकाल दिला. मला त्यात एक शब्द खोडता आला नाही. शेवटी एक ओळ त्यांनी वेगळी घातली होती. वैभवीनं निकालाची प्रत माझ्या हातात देऊन ती वाचायला सांगितली.

"अर्जदार आईकडून कोणताही विलंब झालेला नाही," मी वाचलं.

"परत वाचा," ती म्हणाली.

मी परत वाचलं. मग ती रडली, पायऱ्यांवरच, माणसं ये-जा करत असताना, आणि मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही.

आता दर शनिवारी मनवा आमच्याकडे येते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिचा एक फ्रॉक आहे, तो ती इथं आल्यावर घालते. वैभवी गोडाचा शिरा करते, दोघी पत्ते खेळतात, हसतातही. पावणेपाच झाले की मनवा स्वतःहून उठते, पत्ते डब्यात भरते, फ्रॉक काढून घडी घालते आणि दारात बसून बुटांचे बंद बांधते. वैभवी म्हणते, अगं थांब जरा, बाबांची गाडी अजून आली नाही. तरी ती पायरीवर उभी राहते, पाठीला दप्तर लावून, रस्त्याकडे बघत. मनवाला उशीर झालेला चालत नाही.